बुध्याचा टोप पुण्याला गेला नाही : सातपुड्यातल्या एका नाचपथकाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यातल्या (सरकारी कागदात अक्राणी) एका पाड्याचं आहे. गावाचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही, ओळख पटेल असे दोन-तीन तपशील बदलले आहेत. मी तेव्हा तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकवत होतो. मूळचा जळगावकडचा, त्यामुळे नऊ वर्षं सातपुड्यात काढूनही पाड्यावर मी ‘सर’च राहिलो. या प्रकरणात मधला माणूस मीच होतो आणि ज्या चुका झाल्या त्यातल्या निम्म्या माझ्या आहेत, हे आधीच सांगून ठेवतो.

सातपुड्यातली होळी एका रात्रीत उरकत नाही. गावागावांच्या होळीचे दिवस वेगळे ठरलेले असतात, म्हणजे एका गावातून दुसऱ्या गावी नाचत जाता येतं. त्याआधी गुलाल्या आणि भोंगऱ्या बाजार भरतात. होळीचं सामान, घुंगरं, कपडे, गूळ-डाळ्या सगळं तिथूनच येतं. गुजरातेत आणि घाटाखाली कामाला गेलेली माणसं दिवाळीला आली नाहीत तरी चालतं, होळीला येतातच. सगळ्यांत गाजलेली होळी अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची, जुन्या संस्थानाची. ती १२४६ पासून चालत आल्याचं सांगतात. खड्डा हातांनी उकरायचा, त्यात उंच सरळ बांबू उभा करायचा, रात्रभर ढोल, आणि होळी पेटते ती पहाटे.

बाहेरून येणारा प्रत्येक कॅमेरा इथे एकाच माणसाला शोधत असतो. डोक्यावर बांबूच्या कामट्यांच्या सांगाड्यावर उभा केलेला मोरपिसांचा उंच टोप, अंगभर राख आणि पिठाची पांढरी नक्षी, कमरेला सुकवलेले दुधी भोपळे आणि पितळी घुंगरं. पाऊल पडलं की घुंगरं वाजतात आणि वाळक्या दुधीतल्या बिया खुळखुळतात. हा बुध्या. काही गावांत बावा आणि बुध्या ही नावं निरनिराळ्या सोंगांना आहेत, काही ठिकाणी सरमिसळ आहे. या पाड्यावर बुध्या म्हणतात, म्हणून मीही तेच वापरतो.

कॅमेऱ्यात न येणारी गोष्ट म्हणजे पालनी. बुध्या होणाऱ्याने होळीच्या आधी काही दिवस नेम धरायचा. या पाड्यावर पाच दिवस. खाटेवर बसायचं-निजायचं नाही, पायात काही घालायचं नाही, स्वतः रांधलेलं खायचं, दारू नाही, बायकोपासून लांब राहायचं. बहुतेक वेळा मागे नवस असतो: पोर आजारातून उठलं, बैल वाचला, लग्नाला वर्षं होऊन मूल झालं. नवस एका होळीचा नसतो, ठरलेल्या इतक्या होळ्यांचा असतो. बाप मधेच गेला तर उरलेल्या होळ्या मुलाकडे येतात, शेतीवरच्या कर्जासारख्या.

म्हणजे ज्याला आपण वेशभूषा म्हणतो ती इथे फेडीची खूण आहे. हे मला नऊ वर्षांत माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, पण फोन आला तेव्हा ते माझ्या डोक्यात आलं नाही.

फोन आणि पोस्टर

ऑक्टोबरच्या मध्यावर पुण्याहून एका महोत्सवाच्या आयोजकांचा फोन आला. डिसेंबरात तीन दिवसांचा लोककला महोत्सव, एका संध्याकाळी सातपुड्याचं पथक हवं. सोळा माणसं, जाण्यायेण्याची गाडी, राहणं-जेवण, वर चाळीस हजार रुपये मानधन. ‘ते मोरपिसवाले असतील ना, सर?’ असं त्यांनी विचारलं होतं. मी म्हणालो, ‘असतील की.’

दोन शब्द. पुढचे दोन महिने ते निस्तरण्यात गेले.

मी पाड्यावर बातमी दिली ती कॉलेजातल्या पोरांना. त्यांना आनंद झाला, होणारच. त्यातले दोघं उसाच्या तोडणीवर जाऊन आलेले होते, पुणं त्यांनी बांधकामाच्या परातीखालून पाहिलेलं होतं. स्टेजवरून पाहायला मिळणार होतं. चाळीस हजारांत ढोलाचं कातडं बदलता येईल, दोन नवे मांदल (मृदंगासारखं वाद्य) येतील, असा हिशोब त्याच संध्याकाळी मांडून झाला. पुजाऱ्याला आणि कारभाऱ्याला विचारायचं मनात होतं, पण कापणी सुरू होती आणि विचारणं दिवाळीनंतर टाकलं गेलं.

दिवाळी संपते न संपते तोच महोत्सवाचं पोस्टर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत पाड्यावर येऊन पोचलं. वर आमच्या पथकाची वेळ आणि मधोमध टोपासकट बुध्या. फोटो कुठल्या तरी दुसऱ्याच गावच्या होळीतला होता. पाड्यावर नेटवर्क एका टेकाडावरच येतं. तिथे बसलेल्या पोरांनी ते पाहिलं, रात्रीपर्यंत पुजाऱ्याच्या अंगणात पोचलं. दुसऱ्या दिवशी मला निरोप: सरांना बोलवा.

काय अडलं होतं

पुजारा चिडलेला नव्हता. त्याने मला चटईवर बसवलं, चहा दिला आणि विचारलं, ‘पुण्यात होळी कधी असते?’ (बोलणं त्यांच्या बोलीत, मराठी माझी.) मी म्हणालो, आपल्यासारखीच, फाल्गुनात. ‘मग डिसेंबरात बुध्या कशाला निघाला?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पोरांकडे होतं. कारभाऱ्याचा पुतण्या म्हणाला, जिल्ह्याच्या ठिकाणी कार्यक्रमात टोप घालून नाचणारी पथकं आहेत, ९ ऑगस्टला आदिवासी दिनाच्या मिरवणुकीतही टोप दिसतात, पाहुणे आले की गावागावांत नाचवतात; आपणच काय मोठं पाप करतोय? यात खोटं काही नव्हतं. दुसऱ्या गावांनी आपापलं ठरवलेलं आहे आणि त्यांना नावं ठेवायचा अधिकार या पाड्याला नाही, मला तर नाहीच.

अडचण तिहेरी होती. नेम न धरता टोप घालायचा का, ही पहिली. दुसरी व्यवहाराची: टोप कुणाच्या मालकीचे? पाड्यावर चार चांगले टोप होते आणि चारही नवस चालू असलेल्या घरांत बांधून ठेवलेले. मोरपिसं वर्षभर रानात पडलेली वेचून जमवतात, एकेक टोप भरायला काही वर्षं लागतात. तो गाडीच्या टपावर बांधून पाचशे किलोमीटर न्यायचा म्हणजे अर्धी पिसं मोडून यायची. तिसरी अडचण मी तयार केलेली. ‘असतील की’ म्हटलं होतं, त्यावर पोस्टर छापलं गेलं होतं, पोरांनी नातेवाइकांना कळवलं होतं.

एक जाता जाता. आयोजकांनी मला आमिष म्हणून सांगितलं होतं की, पथक आवडलं तर पुढच्या वर्षी परदेशातही नेऊ. मोर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. आपोआप गळालेली पिसं देशात जवळ बाळगायला हरकत नाही, पण देशाबाहेर न्यायला बंदी आहे. म्हणजे त्यांना जे न्यायचं होतं तेच विमानतळावर अडलं असतं. त्यांना हे ठाऊक नव्हतं.

समोर असलेले रस्ते

पुजाऱ्याच्या अंगणात दोन बैठका झाल्या. पहिलीत बायका नव्हत्या. दुसरीत त्या स्वतःहून आल्या, आणि खरं सांगायचं तर प्रश्न सुटला तो त्यामुळे.

नकार कळवून मोकळं व्हावं, असं कारभाऱ्याचं म्हणणं. सरळ आणि स्वच्छ. पण मग पोरांचं काय, याला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. मागल्याच वर्षी डीजेवरून भांडण होऊन दोन लग्नांत ढोल वाजलाच नव्हता. पोरांना ढोलाची गोडी लागली आहे तर ती मोडू नये, असं म्हाताऱ्या ढोलवाल्याला वाटत होतं. तो नाही म्हणायला तयार होईना.

टोप घेऊन जावं, नेमाचा विषय काढू नये, ही पोरांतल्या चौघांची बाजू. ती फार टिकली नाही. ज्या घरांत टोप होते त्या घरांनीच ते द्यायला नकार दिला.

डिसेंबरात पाच दिवस पालनी धरून रीतसर बुध्या बांधावा, हा तोडगा मी सुचवला. मला तो फार हुशारीचा वाटला होता. पुजारा हसला. म्हणाला, नेम होळीचा आहे; होळी नाही तर कुणासाठी उपाशी राहायचं, तिकीट काढणाऱ्यांसाठी? वर त्याने एक गोष्ट सांगितली ती मला अजून पुरती उलगडलेली नाही: डिसेंबरात धरलेला नेम नवसाच्या मोजणीत धरायचा की नाही? धरला तर देवाला फसवलं, नाही धरला तर पोराला फुकट उपाशी ठेवलं.

दुसऱ्या बैठकीत ढोलवाल्याची बायको बोलली. ती म्हणाली, नाच म्हणजे बुध्याच आहे का? लग्नात आपण नाचतो ते काय आहे? त्याला ना नेम ना टोप. ढोल, मांदल, थाळी, बासरी आणि हातात हात. तो न्या. आणि तो न्यायचा तर आम्हाला न्यावं लागेल, कारण लग्नाचा नाच एकट्या बाप्यांचा नसतो.

सोळा पुरुषांचं पथक ठरलेलं होतं. कुणाच्याच डोक्यात हे आलं नव्हतं. माझ्याही नाही.

काय ठरलं

नऊ पुरुष, सात बायका-मुली. लग्नातला नाच. बुध्या नाही, टोप नाही, दुधी नाही. कमरेची घुंगरं न्यायची की नाही यावर अर्धा तास गेला. पुजाऱ्याने अखेर सांगितलं की बाजारातून नवी आणलेली घुंगरं चालतील, होळीत वापरलेली नाही. हा निर्णय मला तेव्हा बारीक वाटला होता. आता वाटतं, सगळ्या प्रकरणातला तोच सर्वांत नेमका होता. वस्तू तीच, पण एक होळीत जाऊन आलेली आणि एक दुकानातून आलेली.

पोशाखाचं बायकांनी ठरवलं. घाघरा, चोळी, ओढणी रोजच्या सणाची. दागिने हा मोठा विषय होता. इथल्या घरांत चांदी अंगावर असते: गळ्यातली जाड साखळी, दंडातली आणि पायातली कडी, कमरेचा पट्टा. अडीनडीला तीच सावकाराकडे जाते आणि पीक आलं की सुटून येते. बँक म्हणा हवं तर. पुण्यात धर्मशाळेसारख्या ठिकाणी सोळा माणसं एका हॉलमध्ये झोपणार, तिथे ही चांदी कोण सांभाळणार? दोघींनी सरळ सांगितलं की चांदी येणार नाही, मण्यांच्या माळा आणि बाजारातले हलक्या धातूचे दागिने येतील. एका म्हातारीने मात्र स्वतःची साखळी नातीच्या गळ्यात घातलीच. ती पोर तीन दिवस साखळी ओढणीखाली मुठीत धरून झोपली.

मी आयोजकांना फोन केला. टोप येणार नाहीत, बायका येणार आहेत, नाच वेगळा आहे. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ‘पण पोस्टर तर गेलंय, सर.’ मी म्हणालो, बदला. ते म्हणाले, बघतो. ‘बघतो’ म्हणजे नाही, हे मला कळायला हवं होतं. मी ते लेखी मागायला हवं होतं. मागितलं नाही.

पुण्यात

चांदसैली घाट उतरून तळोद्याला, तिथून पुढे. पहाटे निघालेली गाडी रात्री पुण्यात पोचली. तिघांना घाटातच गाडी लागली. ढोल दोन सीट अडवून बसला होता आणि त्याच्यासाठी कुणी उठत नव्हतं.

दुसऱ्या दिवशीची पहिली अडचण ढोलाची. थंडीत, दमट हवेत कातडं सैल पडतं आणि ढोल ‘बसतो’. पाड्यावर वाजवण्याआधी तो जाळावर धरतात, कातडं ताणलं की आवाज उठतो. इथे रंगमंचामागे जाळ करायला परवानगी नाही, आणि ते बरोबरच होतं, तिथे पडदे होते. म्हातारा ढोलवाला ढोलावर बोट मारून मान हलवत बसला. शेवटी प्रकाशयोजनेवाल्या पोराने एक मोठा हॅलोजन खाली उतरवला आणि ढोल त्याच्यासमोर ठेवला. वीस मिनिटांत आवाज आला. त्या दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती, पण त्या संध्याकाळी सगळ्यांत चांगलं जमलं ते त्या दोघांचं.

दुसरी अडचण रंगमंचाची. हा नाच गोल असतो, ढोल मध्ये, माणसं भोवती हात गुंफून. रंगमंचाला एकच तोंड. प्रेक्षकांकडे पाठ करू नका, रांगेत उभे राहा, अशी सूचना आली. पोरांनी रांग करून पाहिली. दोन फेऱ्यांत पावलं चुकली, कारण पाऊल शेजारच्याच्या हातातून कळतं आणि वळण ढोलाच्या बाजूने घ्यायचं असतं. बायकांनी नाचायचं थांबवलं. एकीने मला विचारलं, खाली मोकळी जागा आहे, तिथे का नाही? पहिल्या रांगेतल्या खुर्च्या आणि रंगमंच यांच्यामध्ये खरोखरच चांगली जागा होती. माइकवाल्याचं म्हणणं, तिथे आवाज येणार नाही. ढोलाला माइक लागत नाही, हे त्याला ढोल वाजल्यावर पटलं.

आणि तिसरी. कार्यक्रमाला अर्धा तास राहिलेला. मी सूत्रसंचालिकेला ‘आदिम’ हा शब्द निवेदनातून काढा म्हणून विनवत होतो (तिने ऐकलं, पण त्या जागी ‘रांगडं’ घातलं). परत आलो तर आमच्या खोलीत तीन टोप. नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्या दुकानातून आणलेले, पुठ्ठ्याच्या पट्टीवर रंगवलेली पिसं, काही खरी असतीलही. सोबत काळ्या रंगाची डबी. आयोजकांकडचा एक तरुण समजावत होता, की लोक पोस्टर बघून आले आहेत, फक्त तिघांनी घाला, मागे उभे राहा, नाचायचंही नाही.

मी काही बोलायच्या आत म्हाताऱ्या ढोलवाल्याने दोन टोप उचलून बाहेर ठेवले. तिसरा एका मुलाने डोक्यावर घातला होता. एकोणीस वर्षांचा, आरशासमोर. मित्राने फोटो काढला. मग त्याने म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि टोप काढून ठेवला. सगळं मिळून एक मिनिटही नसेल. टोप घालून तो कुणासमोर नाचला नाही.

नाच खालच्या जागेत झाला. वेळ सात मिनिटं दिली होती, अकरा मिनिटं चालला. पाड्यावर तेवढ्यात पहिला ढोलही तापत नाही. पहिल्या रांगेतल्या दोन बायका उठून गोलात आल्या, त्यांना कुणी अडवलं नाही, पावलं चुकली तरी हात सोडला नाही. कार्यक्रमानंतर तीन-चार जणांनी मला विचारलं, ते मोरपिसवाले कुठे आहेत?

परिणाम

मानधन पूर्ण मिळालं, पण दोन महिन्यांनी आणि चार फोन केल्यावर. वाटप सरळ झालं नाही. पोरांनी पुरुषांना तीन वाटे आणि बायकांना दोन असा हिशोब मांडला होता, वाद्यं पुरुषांची म्हणून. ढोलवाल्याच्या बायकोने विचारलं, नाच कुणी सुचवला? शेवटी सगळ्यांना सारखं, सोळा जणांना दोन-दोन हजार, आणि उरलेले आठ हजार ढोल-मांदलाला. ढोलवाल्याने वेगळा वाटा मागितला नाही. मला तो द्यायला हवा होता असं वाटतं, पण ते ठरवणारा मी नव्हतो.

त्या मुलाचं प्रकरण मात्र होळीपर्यंत चाललं. त्याच्या बापाचा नवस होता. बाप दोन वर्षांपूर्वी वारला. उरलेल्या होळ्या या मुलाकडे आल्या होत्या आणि यंदाची त्याची पहिली. आरशासमोरचा फोटो मित्राने स्टेटसला लावला होता. तो पाड्यावर न दिसेल असं कसं होईल?

कारभारी म्हणाला, दंड घ्या. पुजाऱ्याने मुलाला समोर बसवलं आणि तीनच गोष्टी विचारल्या. कमरेला दुधी होता? नाही. अंगावर नक्षी? नाही. टोप कुणी बांधला? मीच घातला. ‘मग तो बुध्या नाही. ती टोपी आहे,’ पुजारा म्हणाला. दंड नाही, काही नाही. मी सुटकेचा श्वास सोडला.

पण त्याच्या आईचं समाधान झालं नाही. तिचं म्हणणं, देवाला कळतं टोपी कोणती ते, पण याला कळलं का? मुलाने स्वतःहून पालनी पाच दिवसांऐवजी दहा दिवस धरली. कुणी सांगितलेलं नव्हतं. मार्चच्या उन्हात दहा दिवस अनवाणी तो कॉलेजात आला, बाकावर न बसता खाली बसून त्याने माझे तास ऐकले. होळीच्या रात्री त्याच्या मामाने त्याला बापाचा टोप बांधला. त्या टोपातली काही पिसं बापाने वेचलेली होती, काही आजोबाने. तळाशी कामट्या नव्या होत्या.

पाड्याबाहेरचा परिणाम वेगळा. आरशासमोरचा तो फोटो आता कुणाकुणाच्या फोनमध्ये आहे, माहीत नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्याच एका शहरातल्या कार्यक्रमाच्या जाहिरातीवर तो सापडला. मुलाने तो पाहिला आणि मला नुसता पाठवला, खाली काही न लिहिता.

पुन्हा वेळ आली तर

पहिल्या फोनवर ‘असतील की’ ऐवजी ‘विचारून सांगतो’ म्हणायचं. एवढ्या एका वाक्याने पुढचं निम्मं टळलं असतं. आयोजकाला पहिल्या दिवशी नकार ऐकणं जड जात नाही. पोस्टर छापल्यावर जातं.

विचारायचं कुणाला, हेही मी चुकीचं केलं. मी माझ्या वर्गातल्या पोरांना विचारलं, कारण ती मला भेटत होती. पुजारा आणि कारभारी यांना उशिरा, आणि बायकांना मी विचारलंच नाही, त्या आल्या. सातपुड्यात कुठल्याही कामाचा निर्णय अंगणात होतो आणि अंगणात बायका कडेला बसून ऐकत असतात, हे मी नऊ वर्षं पाहिलेलं होतं.

‘कोण जाणार’ याच्या आधी ‘काय जाऊ शकतं’ हे ठरायला हवं होतं. पाड्याने ते उशिरा का होईना, फार बारकाईने ठरवलं: लग्नाचा नाच जाऊ शकतो, ढोल जाऊ शकतो, नवी घुंगरं जाऊ शकतात, चांदी ज्याची त्याने ठरवावी, टोप नाही. दुसऱ्या गावाची यादी दुसरी असेल. काठीला किंवा मोलगीकडे कुणी वेगळं ठरवलं तर तो त्यांचा अधिकार. पण यादी असावी, आणि ती आयोजकाकडे कागदावर जावी.

फोटोचं काय करायचं, याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. मोबाईल काढून घ्यायचे का? सोळा माणसांचे? त्या मुलाने टोप चोरून घातला नव्हता, कुणीतरी आणून समोर ठेवला होता. खोलीच्या दारात एक मोठं माणूस बसवून ठेवणं, एवढंच मला सुचतं.

ज्यावर माझं आणि पुजाऱ्याचं अजून पटत नाही अशी एक बाब आहे. त्याच्या मते मुळात जायलाच नको होतं. माझ्या मते त्या सात बायका पहिल्यांदा पथक म्हणून बाहेर पडल्या आणि त्यानंतर पाड्यावरच्या दोन लग्नांत डीजे बंद ठेवून ढोल वाजला. तो म्हणतो, ढोल वाजला कारण कातडं नवं होतं.

या वर्षी नाशिककडून बोलावणं आलं आहे. उत्तर मी दिलेलं नाही. बायकांनी दिलं आहे, वहीच्या पानावर, आठवीतल्या मुलीच्या अक्षरात. दहा जणी आणि वाजवणारे पाच. नाच जमिनीवर. ढोल तापवायला जागा. पैसे निघायच्या आधी अर्धे. आणि सगळ्यांत वर, आकडा न घालता, अधोरेखित करून: टोपाचं विचारू नये.